पिसारा गळला म्हणजे किडा मेला असं नाही

कांदिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमची तीन फुटी मरीन टाकी आठ महिन्यांची आहे, पाणी साधारण १८० लिटर. दोन क्लाउनफिश आणि एक कोरल ब्यूटी आहे. मागच्या रविवारी दोन फेदर डस्टर आणले. तिसऱ्या दिवशी सकाळी एकाचा अख्खा पिसारा वाळूवर पडलेला दिसला. दुकानदार म्हणाला, मेला, काढून टाका, नाहीतर पाणी खराब होईल. दुसरा अर्धाच उघडतो. आमचं काय चुकलं, आणि यांना नक्की खायला काय घालायचं?"

ताई, सगळ्यात आधी: ती नळी फेकू नका. फेदर डस्टर हा नळीत राहणारा समुद्री किडा आहे, बाहेर दिसतो तो नुसता त्याचा पिसारा. कचऱ्यात टाकली असेल तर आता इलाज नाही, पण बादलीत काढून ठेवली असेल तर आजच टाकीत परत ठेवा.

फेदर डस्टरवर संकट आलं की तो स्वतःच पिसारा तोडून टाकतो. पाल शेपूट टाकते ना, तसंच. पाल शेपूट टाकून पळते, हा नळीत खोल जाऊन बसतो आणि नवा पिसारा उगवायला घेतो. मी सतरा वर्षं मरीन टाक्या सांभाळतोय, स्वतःची दादरची आणि ओळखीतल्या लोकांच्याही. पिसारा गळल्यावर जिवंत किडा फेकून दिल्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्या आहेत की हे उत्तर सविस्तर लिहायचं ठरवलं.

किडा जिवंत आहे की नाही हे असं बघा. हात नुसत्या पाण्याने धुवा, साबण लावू नका. नळी पाण्याबाहेर न काढता तिचा मधला भाग दोन बोटांच्या चिमटीत अगदी हलकेच धरा. आत किडा असेल तिथे नळी भरीव लागते, थोडी दबते आणि परत फुगते. रिकामी नळी ओल्या कागदासारखी चपटी होते. एवढ्यावर खात्री पटली नाही तर सुई काढलेली साधी सिरिंज घ्या, नळीच्या तोंडाशी धरून पाच मिली पाणी ओढा आणि त्याचा वास घ्या. किडा मेला असेल तर सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो चुकत नाही. शिवाय तोंडाशी पांढुरकी साय धरते, कधी शरीर अर्धवट बाहेर लोंबतं. यातलं काही नसेल तर किडा आहे. गळलेला पिसारा तेवढा वाळूवरून उचलून टाका, तो मात्र सडतो.

मग वाट बघायची. माझ्याकडे साधारण आठव्या-दहाव्या दिवशी नळीच्या तोंडाशी फिकट, जवळजवळ पारदर्शक झालर दिसायला लागते. दात घासायच्या ब्रशचे केस कडेने बघावेत तशी. रंग नसतो, पट्टे नसतात, नीट लक्ष दिलं नाही तर दिसतही नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती रुपयाच्या नाण्याएवढी होते आणि पट्टे उमटायला लागतात. पूर्वीची रुंदी यायला काही महिने जातात, आणि तेही खायला मिळालं तरच.

आता पिसारा गळला का, ते. आपण ज्याला पिसारा म्हणतो ते या प्राण्याचं तोंडाभोवतीचं जाळं आहे, आणि तीच त्याची फुफ्फुसंही आहेत. अन्न आणि प्राणवायू दोन्ही तो त्यातूनच घेतो. त्याच्या रक्तात क्लोरोक्रुओरिन नावाचं रंगद्रव्य असतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच ते प्राणवायू वाहून नेतं, पण पातळ असताना हिरवट दिसतं. दुकानातून पिशवीत घालून, लोकलच्या गर्दीतून, बत्तीस-तेहेतीस अंश उन्हात तो कांदिवलीला येतो तेव्हा पिशवीतलं पाणी तापतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पहिला मार तिथे बसतो. म्हणून मी कधीही थर्माकोलचा डबा घेतल्याशिवाय खरेदीला जात नाही.

दुसरा मार पाण्याच्या खारटपणातल्या फरकाचा. मीठ महाग, शिवाय कमी खारट पाण्यात माशांवरचे काही परजीवी कमी त्रास देतात, म्हणून अनेक दुकानांत पाणी जरा हलकंच ठेवतात. विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आसपास. आपल्या टाकीत ते १.०२५. माशाला शरीरातलं मीठ सांभाळता येतं, या किड्याला ते जमत नाही. पिशवी वीस मिनिटं तरंगवून किडा सरळ आत सोडला तर तापमान जुळतं, खारटपणा जुळत नाही. पुढच्या वेळी पिशवीतल्या पाण्याचा एक थेंब खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून बघा, फरक स्वतःच दिसेल. मी किडा पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत ओततो, टाकीतून एअर पंपाची नळी सोडतो, तिला गाठ मारतो आणि सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील इतकी आवळतो. पाणी तिप्पट होईपर्यंत दीड तास तरी जातो. नंतर किडा पाण्याखालीच वाटीत घेऊन टाकीत न्यायचा, नळी हवेत उचलायची नाही. दुकानातलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

तिसरं कारण तुमच्या टाकीत पोहतंय. कोरल ब्यूटी हा बटू एंजल आहे आणि एंजल जातीच्या माशांना काहीही टोचून बघायची सवय असते. सगळेच कोरल ब्यूटी फेदर डस्टरला त्रास देतात असं नाही, पण नवीन, घाबरलेल्या किड्यावर तीन-चारदा चोच मारली तरी पुरे. तुमचा दुसरा किडा अर्धाच उघडतो, त्यामागे मला हाच मासा दिसतोय. उद्या अर्धा तास टाकीपासून सहा फूट लांब, खोलीतला दिवा मालवून, शांत बसा. किडा उघडला की मासा त्याच्याकडे येतो का, ते बघा. येत असेल तर पिलं ठेवायचा जाळीचा डबा मिळतो, तो टाकीत लटकवून दोन्ही नळ्या त्यात ठेवा. पिसारा परत येईपर्यंत गळलेल्या किड्याची तरी तीच जागा.

लांब बसायला सांगितलं त्याला कारण आहे. पिसाऱ्यावर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. नुसती हाताची सावली पडली तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत नळीत गडप होतो. त्याच्या अंगात लांबलचक जाड मज्जातंतू असतो, संदेश त्यातून सरसर खाली जातो आणि अख्खं शरीर एकदम आखडतं. तीच सावली पुन्हापुन्हा पडत राहिली आणि काही वाईट झालं नाही, तर तो हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. माझा जुना किडा काच पुसताना हललाही नाही, असं आठ-नऊ महिन्यांनी व्हायला लागलं.

आता खाण्याबद्दल. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरांत हे किडे पिसारा गळून मरत नाहीत, उपाशी मरतात. आणि ते इतकं हळू होतं की मालकाला कळतच नाही.

माझा पहिला फेदर डस्टर असाच गेला. तेव्हा मला पाणी काचेसारखं स्वच्छ ठेवायचा ध्यास होता. मोठा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), पाण्यातले सूक्ष्म जीव मारणारा अतिनील दिवा, दर आठवड्याला वीस टक्के पाणी बदल. नायट्रेट शून्य यायचं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. किडा आणला तेव्हा पिसारा माझ्या तळहाताएवढा होता. दोन महिन्यांनी गळला, परत आला, पण वाटीएवढा. पुन्हा गळला, आला तो पाच रुपयांच्या नाण्याएवढा. सातव्या महिन्यात नळी चपटी झाली. वय झालं असेल, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. दर वेळी लहान होत जाणारा पिसारा म्हणजे भूक, हे मला खूप उशिरा कळलं, आणि त्या किड्याचं मला आजही वाईट वाटतं.

हा प्राणी खातो कसा ते एकदा समजलं की खायला काय घालायचं हे आपोआप कळतं. पिसाऱ्याच्या प्रत्येक दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे असतात आणि त्या फाट्यांवर सूक्ष्म, सतत हलणारे केस. त्या केसांच्या हालचालीने पाणी बाहेरून पिसाऱ्यात ओढलं जातं आणि वरून निघून जातं. वाटेत जे कण अडकतात ते दांड्यावरच्या एका खाचेतून खाली तोंडाकडे येतात. ही खाच वर रुंद आणि तळाशी अरुंद असते, त्यामुळे खाली येता येता कण चाळले जातात. आपण दळणातून पीठ, रवा आणि कोंडा वेगळा करतो ना, अगदी तसंच. सगळ्यात बारीक कण खाचेच्या तळाशी जाऊन तोंडात जातात. मध्यम कण चिकट स्रावात मळून नळीच्या काठावर लावले जातात, घर त्यानेच वाढतं. भरड कण बाहेर टाकले जातात. माझ्याकडे एकदा भिंगातून हे बघताना वाळूचा एक काळा कण दांड्यावरून घरंगळत खाली आला, क्षणभर थांबला आणि नळीच्या ओठावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच, चिखलाच्या ताज्या रेघेत रुतलेला होता.

म्हणजे अन्न बारीक हवं, काही मायक्रॉनचं. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन. नॅनोक्लोरोप्सिस नावाचं शेवाळ २ ते ४ मायक्रॉनचं, आयसोक्रायसिस ४ ते ६, टेट्रासेल्मिस १० च्या आसपास. ही तिन्ही याच्या मापाची. याउलट नुकत्याच अंड्यातून निघालेल्या ब्राइन श्रिंपचं पिलू ४०० मायक्रॉनच्या पुढे असतं. माशांची पावडर, कोलंबीचा कीस, ब्राइन श्रिंप हे सगळं याच्या लेखी कोंडा. तुम्ही पिपेटने पिसाऱ्यावर कोलंबीचा रस सोडता तेव्हा तो आत ओढून घेतो ते खाण्यासाठी नाही, दचकून.

दुकानात फायटोप्लँक्टनच्या, म्हणजे अशा तरंगत्या सूक्ष्म शेवाळाच्या, बाटल्या मिळतात. आम्ही त्याला नुसतं फायटो म्हणतो. फ्रिजमध्ये ठेवलेली, तारीख ताजी असलेली बाटली चालते. शेल्फवर उघड्यावर उभी असलेली घेऊ नका. सुकी पावडर मला आवडत नाही, पाण्यात तिच्या गुठळ्या होतात आणि गुठळी म्हणजे पुन्हा कोंडाच. पण दोन किड्यांसाठी महिनोन्‌महिने बाटल्या आणणं खर्चाचं पडतं, म्हणून नॅनोक्लोरोप्सिस घरी वाढवा. वाटतं तितकं अवघड नाही, विरजण लावण्याइतकंच लक्ष द्यावं लागतं.

मला पहिलं विरजण मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाने दिलं होतं. छंदातल्या लोकांकडे विचारलंत तर अर्धा लिटर कोणीही देईल. कोल्ड ड्रिंकच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या गरम पाण्याने विसळून घ्या. १.०२० विशिष्ट गुरुत्वाचं मिठाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा. बाटलीत पाचवा हिस्सा विरजण, बाकी हे पाणी. शेवाळासाठी एफ बाय टू नावाचं खत मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात घाला. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा, पण टोकाला दगडी फुगेवाला लावू नका. मोठे बुडबुडे हवेत, शेवाळ ढवळत राहील इतके. शेजारी एक साधी एलईडी ट्यूब, दिवसाचे १६ तास. पहिल्या दिवशी पाणी पोपटी असतं, सहाव्या-सातव्या दिवशी पालकाच्या रसासारखं गडद. बाटलीमागे धरलेलं बोट दिसेनासं झालं की काढा. घाई करून फिकट असताना काढलं तर न वापरलेलं खत टाकीत जातं आणि काचेवर शेवाळ माजतं. तीन हिस्से काढायचं, एक हिस्सा पुढचं विरजण. काढलेलं फ्रिजमध्ये, रोज एकदा हलवून, दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. हलवलं नाही तर तळाशी बसून सडतं.

बाटल्या दोन का, ते मे महिन्यात कळेल. आपल्याकडे स्वयंपाकघरात पारा ३४ ला टेकला की विरजण एका रात्रीत बसतं. पाणी पिवळट होतं, तळाशी मळ जमतो, वास येतो. ती बाटली टाकीत अजिबात ओतू नका. मी एप्रिल ते जून एक बाटली रात्री एसी लागतो त्या खोलीत ठेवतो आणि थोडं विरजण फ्रिजमध्ये राखून ठेवतो.

तुमच्या १८० लिटरला दोन किड्यांसाठी रोज २० मिलीपासून सुरुवात करा, सकाळी दहा मिली आणि रात्री दहा मिली. टाकीतले दिवे बंद झाल्यावर घातलेलं जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे. त्या वेळी स्किमर आणि अतिनील दिवा तासभर बंद, नाहीतर शेवाळ किड्यापर्यंत पोचायच्या आधी फेसातून बाहेर जातं किंवा मरतं. प्रवाहाचे पंप मात्र चालू. स्किमर टायमरवर लावा, कारण बंद केलेला स्किमर चालू करायचं विसरलं तर रात्री टाकीतला प्राणवायू खाली येतो आणि या किड्याला तेच नको असतं. पिपेटने द्यायचं असेल तर वीतभर अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, हिरवा ढग सोडा आणि तो पिसाऱ्यातून वाहत जाऊ द्या. दोन आठवड्यांनी नायट्रेट तपासा. ५ ते १० असेल तर ४० मिलीपर्यंत जा. शून्य यायलाच हवं हा हट्ट सोडा, माझ्या टाकीत ते आता १० च्या आसपास असतं आणि मला त्याची चिंता वाटत नाही.

याच कारणासाठी नव्या टाकीत फेदर डस्टर ठेवू नयेत. सहा महिन्यांच्या आत टाकीत सूक्ष्म जीव, कुजकट बारीक कण, पाण्यात तरंगणारं काही नसतंच. तुमची आठ महिन्यांची आहे, ठीक आहे.

पाण्याचं सांगतो. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतलं, तसं मऊ असतं, पण क्लोरीन टाकलेलं. सोसायटीत टँकर येत असेल तर ते पाणी जड असतं. दोन्हींसाठी आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य. इथे एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. घरच्या पिण्याच्या पाण्याचा आरओ टाकीसाठी वापरू नका. हल्ली बऱ्याच यंत्रांत पाण्यात तांबं सोडणारी कांडी असते. आपल्यासाठी चांगलं म्हणून विकतात ते, पण तांबं या किड्यांना, कोलंबीला, खेकड्याला विष आहे. गोरेगावच्या एका घरी तीन महिन्यांत चार फेदर डस्टर गेले, सगळं तपासून झालं, शेवटी स्वयंपाकघरातलं यंत्र उघडल्यावर कारण सापडलं. रोज बाष्पीभवनाची भर त्याच पाण्याने घातली जात होती, म्हणजे पाणी उडून जायचं आणि तांबं साचत जायचं. तसंच माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधात तांबं असतं, ते मुख्य टाकीत कधीच नको. आणि समुद्राचं पाणी चौपाटीवरून आणायचा विचारही करू नका. सांडपाणी तिथेच जातं.

खारटपणा १.०२५, तापमान २५ ते २७, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. तुमचे किडे मऊ नळीचे आहेत, त्यांना कॅल्शियमची वेगळी काळजी नको. मुंबईत कठीण जातं ते तापमान. पाण्यावर पंखा लावून कोरड्या हवेच्या गावात दोन-तीन अंश उतरतात, आपल्या दमट हवेत, विशेषतः जूनपासून, पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. चिलर परवडत असेल तर घ्या, नाहीतर टाकी एसीच्या खोलीत, दिवे रात्री लावायचे, आणि ३० च्या वर पाणी गेलं तर निदान पृष्ठभाग जोरात ढवळत ठेवायचा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. पावसाळ्यात दोन तास वीज गेली तर मासे तग धरतात, पिसारा आधी गळतो.

जागा अशी निवडा की पिसारा नुसता डोलत राहील. एका बाजूला कलून, मिटल्यासारखा दिसला तर प्रवाह जास्त आहे. प्रकाशाची त्याला गरज नाही, त्याच्या अंगात प्रवाळासारखं शेवाळ नसतं, त्यामुळे खालची सावलीची जागा चालते. नळीचा खालचा तिसरा हिस्सा बारीक वाळूत तिरका पुरा आणि दोन्ही बाजूंनी दगडाचे तुकडे टेकवा. गोंद, एपॉक्सी, दोरा काही नको. नळी लांब वाटली म्हणून खालचं टोक कापू नका, किडा कुठपर्यंत आहे ते बाहेरून कळत नाही. अॅनिमोनपासून हातभर लांब. कधी किडा नळी सोडून पूर्ण बाहेर पडतो, तेव्हा तो उघड्यावर सापडला तर बारीक वाळू भरलेल्या काचेच्या वाटीत, जाळीच्या डब्यात ठेवा. तब्येत बरी असेल तर तो काही दिवसांत नवी नळी विणतो. मी हे तीनदा बघितलंय, दोनदा किडा वाचला.

माशांमध्ये कॉपरबँड बटरफ्लाय, मोठे एंजल, ट्रिगर, पफर हे तर याला अन्नच समजतात. मोठा हर्मिट खेकडा नळी फाडतो. रात्री नळीभोवती केसाळ ब्रिसल वर्म दिसले की लोक त्यांनाच मारायला निघतात, पण ते बहुतेक वेळा मेलेलंच खायला आलेले असतात. त्यांना दोष देण्याआधी किडा कशाने मेला ते शोधा.

हे जमलं की पुढे कडक नळीचे किडे ठेवावेसे वाटतील, तेव्हासाठी आत्ताच सांगून ठेवतो. कोको वर्म म्हणून मिळतो त्याची नळी चुनखडीची, पांढरी, दगडासारखी. त्याला कॅल्शियम ४०० ते ४५०, क्षारता ८ ते १० डीकेएच सांभाळावी लागते आणि उपासमार तो फेदर डस्टरहून कमी सहन करतो. वर्षभर मऊ नळीचा किडा धष्टपुष्ट राहिला तरच त्याच्याकडे वळा. ख्रिसमस ट्री वर्म मात्र घेऊच नका. तो जिवंत प्रवाळात, बहुधा पोराइट्स जातीच्या प्रवाळात, नळी रोवून राहतो. प्रवाळ मेलं की तोही फार टिकत नाही, म्हणजे तो विकायचा तर प्रवाळासकट विकावा लागतो. आणि आपल्याकडे खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघासारखीच. कोणी कितीही खात्री दिली तरी तो दगड घरात आणू नका. लाइव्ह रॉक म्हणून प्रवाळाचे सांगाडे विकतात त्यांनाही हेच लागू. सिरॅमिकचे कृत्रिम दगड वर्षभरात तितकेच जिवंत होतात.

तुमच्या टाकीत काही नळ्यांचे किडे न आणताच आले असतील. सम्पच्या (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीच्या) भिंतीवर, पंपाच्या आत, बाजरीच्या दाण्याएवढी पांढरी गोल वेटोळी दिसली तर ते स्पायरॉर्बिड. निरुपद्रवी आहेत, खरवडू नका. माझ्यासाठी तर ते मोजमाप आहेत: ते वाढतायत म्हणजे पाण्यात बारीक अन्न आहे. दगडांच्या फटीतून तपकिरी, नखाएवढे पिसारे येतात, तेही चांगलेच. फक्त एकाशी गल्लत करू नका. कडक नळीतून पिसारा येण्याऐवजी कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात पसरत असतील, तर ती वर्मेटिड गोगलगाय आहे. तिचे धागे शेजाऱ्यांना त्रास देतात. नळी चिमट्याने मोडून तोंड बंद करून टाका.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खूप मागे जाते. त्या दिवसांत कार्टर रोडच्या किंवा हाजीअलीच्या खडकांवर जा. मरीन लाइफ ऑफ मुंबईचे लोक २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर गेलात तर जास्त दिसेल. खडकावर चुन्याच्या नळ्यांची नक्षी असते आणि पाणी राहिलेल्या खळग्यात वाकून, स्वतःची सावली न पाडता थांबलात तर छोटे पिसारे उघडताना दिसतील. ते पाणी बघा, चहासारखं गढूळ असतं. त्यात ते मजेत जगतात, कारण ताट सतत भरलेलं असतं. तिथला एकही उपटून आणू नका, पण घरी फायटो घालताना ते पाणी आठवा.

तर तुमच्या दोन किड्यांसाठी आजपासूनचं काम. गळलेल्याला जाळीच्या डब्यात हलवा, मासा त्रास देत असेल तर दुसऱ्यालाही, आणि गळल्याची तारीख लिहून ठेवा. गळलेल्या किड्याला पिसारा नसताना खाता येत नाही, म्हणून झालर दिसेपर्यंत फायटो वाढवू नका, दुसऱ्यापुरतं २० मिली पुरे. रोज सकाळी दिवे लागायच्या आधी, पहिल्या उजेडात, तोंडाशी बघा. झालर दिसली आणि नायट्रेट वर सांगितल्याइतकंच असेल तर ४० मिलीपर्यंत जा. सहा आठवड्यांत काहीच दिसलं नाही आणि नळी चपटी लागली तरच बाहेर काढा. पिसारा पूर्ण उघडला की काचेच्या बाहेरून पट्टी धरून त्याची रुंदी वहीत लिहा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला परत मोजा. आकडा खाली गेला तर पाण्याच्या चाचण्या करत बसू नका, आधी शेवाळाची आणखी एक बाटली लावा.